काय टाइप करून आलात?

नंदूभाऊ खोपकर नव्या माणसाला नाव विचारत नसत, गावही विचारत नसत. आमच्याकडे अनोळखी माणूस भेटला की आधी त्याचं मूळ गाव, मग त्याच्या मामाचं गाव आणि शेवटी तो कुणाचा कोण हे काढल्याशिवाय चहा पुढे होत नाही. नंदूभाऊंना यातलं काहीच नको असायचं. ते थेट विचारत, ‘काय टाइप करून आलात?’

हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो माझ्याच दुकानात. श्रीवर्धनच्या बाजारात आमचं औषधाचं दुकान आहे. काउंटरला मी असते, आमचे हे सुपारीच्या वाडीत असतात. मे महिन्यातल्या एका दुपारी उन्हानं लालबुंद झालेला एक पर्यटक मलम मागायला आला. त्याच्या मागे एक उंच, खांद्यात वाकलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस उभा होता. शर्टाच्या खिशात दोन मोबाइल, त्यामुळे खिसा लोंबलेला. त्यानं पर्यटकाच्या दंडाला हलकेच बोट लावलं.

‘साहेब, इथं यायच्या आधी फोनमध्ये काय टाइप केलंत?’

‘म्हणजे?’

‘म्हणजे शब्द. नेमके शब्द सांगा.’

पर्यटकानं मलमाची ट्यूब उलटसुलट केली. ‘पुण्याजवळ बीच, असं काहीतरी.’

‘पुण्याजवळ,’ तो माणूस समाधानानं म्हणाला आणि माझ्याकडे वळला. ‘बघा वहिनी. आपण समजतो आपण कोकणात राहतो. हा म्हणतो आपण पुण्याजवळ राहतो. आणि धंद्यात त्याचंच खरं.’

ओळख ना पाळख, मी वहिनी होऊन बसले होते. पावसाळा लागायच्या आत ते आमच्या दुकानावरच्या माळ्याचे भाडेकरूही झाले.

नंदूभाऊ मूळचे इथलेच, पण उमेदीची वर्षं न्हावा शेव्याला गेली. कंटेनर सोडवून देणाऱ्या एका एजंटाच्या ऑफिसात कारकून म्हणून लागले. ऑफिसच्या वेबसाइटचं काम कुणालाच नको होतं म्हणून ते यांच्या गळ्यात पडलं, आणि तिथेच त्यांना आयुष्याचं गुपित सापडलं असं ते सांगत. बायको गेल्यावर नोकरी सोडून ते गावी परतले. बोलण्यात बंदराकडची भेळ राहिली होती. ‘पहिल्या पेजवर नाय ना, तो मेलेला समजायचा. खल्लास,’ हे त्यांचं आवडतं वाक्य. दिवसातून एकदा तरी माळ्यावरून ऐकू यायचं. खाली मी रक्तदाबाच्या गोळ्या मोजत असायची आणि वर कुणीतरी मेलेला समजला जात असायचा.

घरगुती खोल्या भाड्याने देणारे, कोकमाचं आगळ नि पापड विकणारे, होडीवाले सगळे त्यांच्याकडे वेबसाइट करून घ्यायला येत. आलेल्या माणसाला आधी आपल्या धंद्यावर प्रेम असे. ते प्रेम उतरवणं हे नंदूभाऊंचं पहिलं काम. सुपारीचे व्यापारी बापूशेठ आले तेव्हा मी चहा घेऊन वर गेले होते. बापूशेठना पहिल्याच पानावर वडिलांचा हार घातलेला फोटो हवा होता, त्याखाली घराण्याचा इतिहास आणि वर गणपती.

‘शेठ, तुमचे वडील कोण शोधतंय?’ नंदूभाऊंनी विचारलं.

‘अहो, सगळा तालुका ओळखायचा त्यांना.’

‘तालुका सुपारी तुमच्या ओटीवर येऊन नेतो. मी नागपूरच्या माणसाबद्दल बोलतोय. तो काय टाइप करतो? “श्रीवर्धनी रोठा सुपारी भाव.” मग वर तेच पाहिजे. एका पानावर एकच विषय. फोटोत अक्षरं कोरायची नाहीत, त्याला फोटोतली अक्षरं वाचायला आवडत नाहीत. साधं लिहायचं. बाप खाली, “आमच्याबद्दल” या भागात.’

बापूशेठ दुखावून उठून गेले आणि चार दिवसांनी परत आले. बाप खाली गेला. पुढे नागपूरहून खरंच मागणी आली तेव्हा शेठनी नंदूभाऊंना नारळाचं पोतं पाठवलं. त्यातले अर्धे नारळ आमच्या घरी आले, म्हणून माझ्या लक्षात आहे.

पान तयार झालं की त्याची परीक्षा घेण्याची त्यांची एक रीत होती. एसटीत बसून ते म्हसळ्याच्या घाटात एका वळणावर उतरत. तिथे फोनची रेंज जेमतेम असते. खिशातला जुना, तडकलेला मोबाइल काढून तिथे पान उघडायचं. चटकन उघडलं तर पास. नाही उघडलं तर परत येऊन फोटो हलके करायचे, पसारा कमी करायचा. ‘माणूस गाडीत बसून ठरवतो, वहिनी. बायको विचारते कुठं राहायचं, मागे पोरं ओरडतायत, आणि रेंज चाललीय. तेवढ्यात तुम्ही दिसला पाहिजेत. तो पहिली बोटभर जागा वाचतो. खाली कोणी जात नाही.’

मघाशी त्यांच्या तोंडी ‘त्याला आवडत नाही’ असं आलं, ते समजावून सांगायला हवं. शोधून देणाऱ्या त्या यंत्राला नंदूभाऊ कधी नावानं बोलवत नसत. नुसतं ‘तो’ म्हणत. ‘त्याला कळलं पाहिजे.’ ‘तो रोज येऊन बघून जातो.’ ‘त्याला खोटं चालतं, पण तेच तेच चालत नाही.’ मला पहिल्यांदा हसू यायचं. नंतर यायचं बंद झालं.

आता मंजुळाचं सांगते. श्रीवर्धनहून दिघीच्या जेटीकडे जाताना रस्त्याला एक फाटा फुटतो. तिथून आत खाडीच्या तोंडाशी कोळ्यांची छोटी वस्ती आहे. तिचं नाव मी लिहिणार नाही, का ते पुढे कळेल. मंजुळा सासूच्या मधुमेहाच्या गोळ्या न्यायला माझ्याकडे येते. तिचा नवरा जनार्दन बोटीवर. मासळी मिळेनाशी झाली तशी दोघांनी घरामागे पाहुण्यांसाठी तीन खोल्या बांधल्या. पाहुणा फिरकला नाही. खोल्या चालल्या नाहीत तर जनार्दन आखातात जाणाऱ्या बोटीवर नाव घालणार होता, आणि मंजुळाला ते नको होतं. मीच तिला माळ्यावर पाठवलं.

एका रविवारी तिनं आम्हाला जेवायला बोलावलं. बोंबील झाले, कालवण झालं. नंदूभाऊ ओसरीवर पाय सोडून बसले आणि मोबाइलमध्ये वरून काढलेला गावाचा फोटो मोठा करून बघू लागले.

‘भाऊ, खोल्या बऱ्या हायेत, जेवन बरा हाय,’ मंजुळा म्हणाली. ‘मानूसच येत न्हाय.’

‘येईल कसा? शोधण्यासारखं काय आहे इथं? पुढे चिखल, मागे टेकडी.’ मग त्यांचं बोट थांबलं. ‘टेकडीच्या पलीकडे हे काय पांढरं?’

जनार्दन जाळ्याची गाठ सोडवत होता. त्यानं मान वर केली नाही. ‘काय न्हाय.’

‘वाळू आहे. चांगली अर्धगोल वाळू आहे. नाव काय या जागेचं?’

दाराशी मंजुळाची सासू काशीआजी बसली होती. ती म्हणाली, ‘नाव न्हाय.’

‘असं कसं होईल? तुमच्यात तर पाण्यातल्या खडकालासुद्धा नाव असतं.’

‘खडकाला हाय. त्याला न्हाय. नाव असला का पोरा बोलतीन, चल रं, अमक्याला जाव. नाव न्हाय तं बोलतीन कशी?’

आजीनं मग थोडं सांगितलं. भरतीला तिथलं पाणी गरीब असतं, घोट्याएवढं. ओहोटी लागली की दोन खडकांच्या मधून ते एकदम बाहेर ओढतं आणि जाताना पायाखालची रेती घेऊन जातं. तिच्या सासऱ्याचा भाऊ तिथं गेला, त्याआधीही कोणी गेलं होतं. म्हणून पूर्वीच्यांनी त्या जागेचं नाव टाकून दिलं. बोटीवरून जातानाही तिकडे बोट दाखवत नाहीत. फारच वेळ आली तर ‘पल्याड’ एवढंच म्हणतात.

मी अंगावर पदर ओढला. नंदूभाऊंचे डोळे मात्र चमकत होते.

‘नाव नाही, म्हणून सर्च नाही,’ ते हळूच मला म्हणाले. ‘वहिनी, या म्हातारीला आमचा सगळा धंदा येतो. फक्त उलटा.’ आणि आजीकडे वळून म्हणाले, ‘आजी, नाव दिलं ना, की तो लगेच उचलतो बघा.’

‘तो म्हंजे कोन?’

नंदूभाऊ हसले. ‘तो म्हणजे कॉम्प्युटर हो.’

आजी हसली नाही. ‘त्याला काय द्यावा लागतो?’

‘शब्द द्यायचे.’

‘आनखी?’

‘फोटो द्यायचे.’

‘आनखी?’

नंदूभाऊंनी मोबाइल खिशात घातला. मंजुळानं सोलकढी आणली आणि विषय बदलला.

ते एकटेच टेकडी ओलांडून गेले, पाऊस सरल्यावर एका सकाळी, भरती पाहून. जनार्दन बरोबर गेला नाही. परत आले ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, भिजलेल्या पायांनी, लग्न ठरल्यासारखे खुशीत. फोटो मलाही दाखवले. खोटं कशाला बोलू, जागा सुंदर होती. पाण्याचा तळ दिसत होता.

मग नाव ठरवणं आलं. त्यात त्यांचे दोन दिवस गेले. नाव लहान हवं, फोनला तोंडानं सांगता यायला हवं, आणि इंग्रजीत लिहिताना कुणी कसंही लिहिलं तरी एकच व्हायला हवं. शेवटी दोन अक्षरी नाव निघालं, लहान मुलीला हाक मारावी तसं गोड. ते नाव मी इथे लिहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी एकानं जरी ते फोनमध्ये घातलं तरी लिहिण्याचा उपयोग नाही.

पानाचं शीर्षक त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘मुलांसाठी सुरक्षित, गर्दी नसलेला बीच.’

‘सुरक्षित कशावरून?’ मी विचारलं.

‘लोक तेच टाइप करतात, वहिनी. मी बघितलं ना. “मुलांसाठी सुरक्षित.” सगळ्यात जास्त तेच.’

‘ते काय शोधतात ते झालं. तिथं काय आहे?’

‘मी स्वतः उभा राहून आलोय. घोट्याएवढं पाणी.’ मग माझं तोंड पाहून म्हणाले, ‘बरं, खाली लिहितो. ओहोटीला पाण्यात उतरू नये. झालं?’

तसं त्यांनी लिहिलंही. पानाच्या तळाशी, फोटोंच्या खाली, खोल्यांच्या माहितीच्याही खाली. खाली कोणी जात नाही हे मला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांना ते त्या दिवशी आठवलं नसेल असं मी मानत नाही. धंदा हाताशी आला की माणूस आपलंच शिकलेलं विसरतो, इतकंच.

दिवाळीच्या सुट्टीत मंजुळाच्या तिन्ही खोल्या भरल्या. मागच्या आवारात तंबू लागले. जनार्दननं आखातातल्या बोटीचा विषय सोडला. वस्तीतल्या आणखी घरांनी खोल्या काढायला घेतल्या आणि सगळे माळ्यावर येऊ लागले. नंदूभाऊ पहिल्या पानावर होते, पहिल्या जागी. ते स्वतःच्या फोनवर दिवसातून कितीदा तरी बघत आणि जिन्यावरून ओरडून सांगत, ‘वहिनी, अजून वरच!’

मंजुळा गोळ्या न्यायला आली तेव्हा मी विचारलं, सासू काय म्हणते. ती म्हणाली, ‘बोलत न्हाय. दारात तोंड फिरवून बसते.’ म्हातारी आता टेकडीकडे पाठ करून बसायला लागली होती.

मग ती बाई आली. पस्तिशीची, चांगल्या घरची, दोन्ही हात खरवडलेले. खडकावरच्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी कापलं की जखम कशी दिसते ते आम्हाला लगेच ओळखता येतं. मी पट्टी करत होते आणि ती हसत हसत सांगत होती. नुसती पाण्यात उभी होते, अचानक खालची वाळूच गेली, खडकाला धरलं म्हणून वाचले, एक चप्पल गेली. नवरा मागे उभा राहून फोनवर काहीतरी लिहीत होता.

नंदूभाऊ जिन्यावरून उतरत होते. सवयीनं त्यांच्या तोंडून गेलंच, ‘काय टाइप करून आलात?’

बाईनं ते दोन अक्षरी नाव घेतलं.

ते पायरीवरच थांबले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पट्टी पाहत राहिले. ती दोघं गेल्यावर त्यांनी खिशातला फोन काढला. नवऱ्यानं लिहिलेलं तोवर वर आलं होतं. जीव मुठीत धरून परत आलो, थरार पाहिजे तर इथे या, पाच तारे.

त्याच दिवशी त्यांनी खालची सूचना उचलून वर घातली, लाल अक्षरात: पोहण्यास धोकादायक. पुढच्या आठवड्यात आठ-दहा पोरांची टोळी मोटरसायकलींवरून आली. त्यांनी ‘धोकादायक बीच’ टाइप केलं होतं. नंदूभाऊंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा मला आवडला नाही. ‘वहिनी, मी सुरक्षित लिहिलं तर सुरक्षितवाले येतात. धोकादायक लिहिलं तर धोकादायकवाले येतात. त्याला काहीही चालतंय.’

मग त्यांनी ते पानच काढून टाकलं. मंजुळाला आधी विचारलं. ती म्हणाली, ‘काढा भाऊ. खोल्या ऱ्हातील रिकाम्या.’ जनार्दननं आखाताच्या बोटीवर नाव घातलं. हे सोपं नव्हतं, दोघा नवरा-बायकोनं ते कुरकुर न करता केलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

आम्हाला वाटलं सुटलो. पण ते नाव आता नंदूभाऊंचं राहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शोधलं तर त्यांचं पान गेलेलं आणि त्या जागी दुसरीच कितीतरी आलेली. कुणी कुठली सहलीची कंपनी, कुणी नुसता हौशी. त्यांचेच फोटो, त्यांचंच शीर्षक, शब्दाला शब्द. फक्त ओहोटीची ओळ कुणीच उचलली नव्हती. नकाशावर त्या जागी कुणा अनोळख्यानं खूण रोवली होती आणि रस्ताही दाखवला होता, टेकडीवरची पायवाट धरून. नंदूभाऊंनी ती खूण काढा म्हणून अर्ज केला. उत्तर आलं की ही जागा अस्तित्वात असल्याचं अनेकांनी कळवलं आहे.

ग्रामपंचायतीनं टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याची पाटी लावली. तिच्यापुढे उभं राहून लोक फोटो काढायचे.

त्यानंतरचे नंदूभाऊ मला आठवतात ते पाठमोरे. त्यांनी नवीन कामं घेणं बंद केलं. एकच पान करत बसले. त्याच नावाचं. वर एकच ओळ: इथे येऊ नका, इथे माणसं बुडाली आहेत. ते पान त्यांना पहिल्या जागी न्यायचं होतं, बाकी सगळ्यांच्या वर. आयुष्यभर शिकलेलं सगळं त्यात ओतलं. म्हसळ्याच्या घाटात जाऊन उघडून पाहिलं. बापूशेठना आणि ज्यांची ज्यांची वेबसाइट केली होती त्या सगळ्यांना हात जोडले, की तुमच्या पानावरून माझ्या या पानाकडे रस्ता द्या, त्यानं ते वर चढतं. बापूशेठनी विचारलं नाही कशाला, लगेच दिलं. मी दुकानाला पान नसूनही एक करून घेतलं, तेवढ्यासाठी.

नाताळची सुट्टी जवळ येत होती, आणि सुट्टीत अमावस्येचं उधाण होतं. उधाणाला भरती मोठी, आणि ओहोटीला पाणी तितकंच जोरात मागे फिरतं. आम्ही सगळेच रोज फोनमध्ये बघायचो. त्यांचं पान शोधाच्या दुसऱ्या पेजवर आलं. तिथं अडलं.

‘का अडलंय?’ मी विचारलं.

‘त्याला वाटतं लोकांना हे नकोय,’ ते म्हणाले. ‘लोक उघडतात, एक ओळ वाचतात आणि बंद करतात. दुसऱ्या पानांवर फोटो बघत बसतात. जिथं माणूस जास्त वेळ थांबतो ते त्याला आवडतं.’

‘मग थोडे फोटो घाला.’

‘घातले तर लोक येतील, वहिनी.’

त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा चोळला. पहिल्या पेजवर नाही तो मेलेला समजायचा, हे वाक्य त्या दिवसांत माळ्यावरून एकदाही ऐकू आलं नाही.

जनार्दनला बोटीचं बोलावणं अजून आलं नव्हतं. उधाणाच्या दिवशी तो आणि वस्तीतले चार जण पायवाटेवर उभे होते. त्यांनी कितीतरी गाड्या परतवल्या. पण एक कुटुंब टेकडीला वळसा घालून खडकांवरून आलं, नकाशानं दुसरी वाट दाखवली म्हणून. मोठा मुलगा कॉलेजात होता. धाकटी बहीण पाण्यात उभी होती, तिच्या पायाखालची रेती सरकली, तिला ढकलून त्यानं वाळूवर घातलं आणि तो स्वतः गेला. पलीकडून आरडाओरड ऐकली तेव्हा काशीआजी दारात बसली होती, पाठ करून. तिनं मागे न बघता डोकीवरचा पदर पुढे ओढला, असं मंजुळा सांगते.

मुलगा दुसऱ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी मिळाला.

सरकारी दवाखाना आमच्या दुकानाच्या समोर आहे. बाकड्यावर त्याचे वडील बसले होते. मी पाणी घेऊन गेले. नंदूभाऊ माझ्या आधीच तिथे जाऊन शेजारी बसले होते. त्यांच्या ओठांवर काही नव्हतं, मला खात्री आहे. त्यांनी विचारलं नाही. विचारलंच नाही.

ते गृहस्थ आपणहून बोलू लागले. अशा वेळी माणसाला कुणाला तरी सांगावं लागतं की आपण निष्काळजी नव्हतो. त्यांनी फोन नंदूभाऊंच्या हातात दिला.

‘आम्ही नीट बघून आलो होतो हो. हे बघा ना. मी मुद्दाम टाइप केलं होतं, मुलांसाठी सुरक्षित. पहिलंच आलं. वाचा तुम्ही.’

नंदूभाऊंनी ते वाचलं. सावकाश, पहिल्या शब्दापासून, आपलं स्वतःचं शीर्षक. मग फोन दोन्ही हातांत धरून त्यांना परत दिला आणि म्हणाले, ‘तुमचं काही चुकलं नाही.’ मला त्या क्षणी त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही.

माळा त्यांनी सोडला. कॉम्प्युटर मंजुळाच्या मुलीला देऊन टाकला. त्यांनी त्या मुलाच्या वडिलांना सगळं सांगितलं का, पोलिसांना सांगितलं का, याबद्दल बाजारात दोन्ही प्रकारचं बोललं जातं. मला माहीत आहे ते एवढंच की ते पोलीस चौकीत आपण होऊन गेले होते आणि त्यांनी सांगितलेलं कुणाला नीट समजलं नाही. ‘तुम्ही बीचला नाव दिलं, यात गुन्हा कुठला?’ असं विचारून त्यांना परत पाठवलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या फेब्रुवारीत. भाचीच्या साखरपुड्याला आगरदांड्याला जायचं होतं, म्हणून आम्ही दिघीहून फेरीबोट धरायला निघालो होतो. फाट्यापाशी रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक माणूस बसला होता. डोक्याला टॉवेल, मिशा वाढलेल्या. शर्टाचा खिसा तसाच लोंबलेला, पण रिकामा. लोक सांगतात रोज येतो, उजाडल्यापासून ओहोटी संपेपर्यंत बसतो, आणि सुट्टीच्या दिवशी अंधार पडेपर्यंत.

ह्यांनी गाडी बाजूला घेतली. नंदूभाऊ उठून खिडकीशी आले, खाली वाकले.

‘काय टाइप करून आलात?’

‘काही नाही, नंदूभाऊ,’ मी म्हणाले. ‘तुम्ही दिसलात म्हणून थांबलो.’

त्यांनी मला ओळखलं. ओळखूनही ते गाडीच्या आत, मागच्या सीटवर, मुलं आहेत का ते बघत राहिले. मी बरोबर आणलेल्या मोदकांतले चार कागदात बांधून दिले. ते त्यांनी खुर्चीवर ठेवले. किती गाड्या परतवता असं ह्यांनी विचारलं. ‘येतात त्यातल्या बऱ्याच,’ ते म्हणाले. ‘काही लोक पुढे जाऊन दुसरीकडून वळतात. तो दाखवतो त्यांना.’

तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. पडद्यावर विचारलं होतं की तुम्ही नुकतीच भेट दिलेली ही जागा कशी वाटली, आणि खाली ते दोन अक्षरी नाव. मी त्या टेकडीपलीकडे जन्मात गेलेली नाही. फाट्यावर गाडी थांबवली होती, तेवढंच.

मी फोन त्यांच्यापुढे धरला.

‘एक तारा द्या, वहिनी,’ ते म्हणाले. त्यांच्या आवाजात जुन्या नंदूभाऊंचं काहीतरी परत आल्यासारखं वाटलं. ‘एक ताऱ्याच्या जागेला लोक जात नाहीत. सगळ्यांनी एक एक दिला तर खाली येईल ते. द्या लगेच. लिहा, वाईट जागा.’

मी एक तारा दिला. वाईट जागा, असं लिहिलं. मागून पुण्याच्या नंबराची मोठी गाडी वळत होती, तिच्या छतावर रंगीत रबरी ट्यूब बांधलेली. नंदूभाऊ आमच्यापासून दूर झाले आणि हात वर करत रस्त्याच्या मध्ये गेले. आम्ही निघालो. आरशात ते त्या गाडीच्या खिडकीशी वाकलेले दिसत होते.

फोनवर उत्तर आलं होतं. धन्यवाद, तुमच्या अभिप्रायामुळे ही जागा आता आणखी लोकांना सापडेल.